न दिलेल्या वचनाचे पालन

मृग निघण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, ही कौलारू घरांच्या काळातील रीत आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहायचे आणि मग सारे पुन्हा जागच्या जागी बसवायचे. हे दरवर्षी करावे लागते म्हणून घर बांधणाऱ्या सुताराला कोणी लबाड म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. घर आहे तर शाकारणीही आहे, हे सर्वांनी मनोमन मान्य केलेले असते.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपली वृत्ती निराळी असते. मोबाइलवर 'अपडेट करा' अशी सूचना वारंवार येऊ लागली की आपण त्रासून जातो. 'एवढे शिकलेले लोक, यांना एकदाच नीट करता येत नाही का?' असे उद्गार घरोघरी ऐकू येतात. या उद्गारामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या वस्तूत सतत दोष सापडतात आणि जिला सतत दुरुस्ती लागते, त्या वस्तूवर माणसाने विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? हाच प्रश्न माणसांविषयी आणि संस्थांविषयीही विचारता येतो. म्हणून तो नीतीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तो एका उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावा, असा आमचा मानस आहे.

उदाहरण संगणकक्षेत्रातील असले तरी वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही. पतपेढीची खाती, इस्पितळातील रुग्णांची माहिती, शाळेचे हजेरीपट, व्यापाऱ्याची येणी-देणी या साऱ्या नोंदी एकेकाळी वह्यांतून ठेवल्या जात. आज त्या संगणकात ठेवल्या जातात. त्या नीट मांडून ठेवणारी, मागताक्षणी शोधून देणारी आणि वीज गेली तरी जपणारी जी आज्ञावली असते, तिला डेटाबेस म्हणतात. वहीतील एक पान फाटले तर दहा माणसांचे नुकसान होते. डेटाबेस चुकला तर लाखो माणसांच्या नोंदी एकदम बिघडू शकतात, आणि त्यांपैकी कोणाला ते कळतही नाही. म्हणून डेटाबेस लिहिणे हे केवळ हुशारीचे काम राहत नाही. ते विश्वस्ताचे काम होते.

'पोस्टग्रेएसक्यूएल', ज्याला जाणकार थोडक्यात 'पोस्टग्रेस' म्हणतात, हा जगातील प्रमुख डेटाबेसांपैकी एक आहे. १९८६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आरंभ झाला. त्यांच्या आधीच्या प्रकल्पाचे नाव 'इनग्रेस' होते. त्यानंतरचा म्हणून हा 'पोस्टग्रेस'. १९९४ च्या सुमारास विद्यापीठाने त्यावरील काम आवरते घेतले. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी तेव्हा त्यात महत्त्वाची भर घातली, आणि १९९६ पासून निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी तो आपल्या हाती घेतला. त्याची संहिता, म्हणजे तो ज्या आज्ञांनी बनला आहे त्यांचा सारा मजकूर, जगापुढे खुली आहे. ती कोणीही वाचावी, उतरवून घ्यावी, बदलावी. पैसे पडत नाहीत. यालाच 'मुक्त स्रोत' म्हणतात. जगभरच्या रस्त्यांचा खुला नकाशा सिद्ध करणारा 'ओपनस्ट्रीटमॅप' हा प्रकल्प आपली माहिती याच डेटाबेसात ठेवतो. आपल्या पुण्यातही या प्रणालीवर काम करणारे अभियंते आहेत.

आता या प्रणालीचा परवाना पाहावा. तो अगदी लहान आहे. त्यात विद्यापीठाने स्पष्ट केले आहे की, ही आज्ञावली जशी आहे तशी दिली जात आहे. तिच्यामुळे कोणाचे नुकसान झाल्यास विद्यापीठ जबाबदार नाही. आणि तिची देखभाल करण्याचे, तिच्यात सुधारणा करण्याचे कोणतेही बंधन विद्यापीठावर नाही. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे कोणी कोणाला काही देणे लागत नाही. हमीपत्र नाही, करार नाही, किंमतही घेतलेली नाही.

आणि तरीही दर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत, दुरुस्त्यांची एक लहान आवृत्ती प्रसिद्ध होते. वर्षातून एकदा नव्या सोयींची मुख्य आवृत्ती निघते. २०२५ च्या सप्टेंबरात १८ क्रमांकाची निघाली. प्रत्येक मुख्य आवृत्तीची पाच वर्षे देखभाल केली जाते. दुरुस्तीच्या प्रत्येक आवृत्तीसोबत एक यादी असते: दोष कोणता होता, तो कोणाला बाधू शकतो, ज्यांना बाधला असेल त्यांनी काय करावे आणि दुरुस्ती कोणी केली. मुख्य आवृत्तीच्या टिपणाच्या शेवटी साहाय्यकर्त्यांची नामावली छापली जाते. त्या नामावलीत संहिता लिहिणारे असतात, ती तपासणारे असतात, आणि ज्यांनी केवळ दोष कळवला तेही असतात. हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडे चूक दाखवणारा मनुष्य बहुधा नावडता होतो. येथे त्याचे नाव घर बांधणाऱ्यांच्या पंक्तीत लिहिले जाते.

बंधन नसताना केलेले हे काम कर्तव्य म्हणावे की उपकार? प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. या प्रणालीवर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आज निरनिराळ्या कंपन्या वेतन देतात, हे मान्य केले पाहिजे. ती सारी संन्यस्त माणसे आहेत, असे चित्र रंगवणे सत्याला धरून होणार नाही. परंतु वेतन मिळते म्हणून निष्ठा आपोआप येते, असेही नाही. शिवाय डेटाबेस फुकट घेऊन वापरणाऱ्या दूरच्या अनोळखी माणसाशी कोणत्याच कंपनीचा करार नसतो. त्याच्या नोंदींसाठी केलेली दुरुस्ती ही, आमच्या मते, न दिलेल्या वचनाचे पालन आहे. दुसऱ्याने आपल्या हाती काही ठेवले आहे, एवढी जाणीवच येथे वचनाचे काम करते. ठेव स्वीकारली की जबाबदारी येते. मग पावती दिलेली असो वा नसो.

ही जबाबदारी कसोटीला लागते ती मोठा दोष सापडतो तेव्हा. त्याची दोन उदाहरणे आम्ही देतो.

पहिले २०१८ सालचे. डेटाबेस जेव्हा एखादी नोंद लिहितो, तेव्हा ती लगेच डिस्कवर जाते असे नाही; ती काही काळ संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबते. म्हणून डेटाबेस संगणकाच्या मूळ व्यवस्थेला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, अधूनमधून विचारतो: 'दिलेले सारे डिस्कवर उतरले का?' उत्तर 'नाही' असे आले तर थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे आणि 'होय' आले की निश्चिंत व्हायचे, अशी पोस्टग्रेसची पद्धत होती. २०१८ साली ध्यानात आले की, 'लिनक्स' या व्यवस्थेत दुसऱ्यांदा मिळणारे 'होय' खरे असेलच असे नाही. पहिल्या वेळी जे लिहिता आले नाही ते व्यवस्था टाकून देई, आणि मग टाकण्यासारखे काही उरलेच नाही म्हणून दुसऱ्या वेळी 'होय' म्हणे. सुमारे वीस वर्षे डेटाबेस या उत्तरावर विसंबून होता. असा प्रसंग क्वचितच येई, हे खरे. पण आला तर नोंद नाहीशी होई आणि कोणाला पत्ता लागत नसे.

यावर काय करता आले असते? 'दोष आमचा नाही, लिनक्सचा आहे' असे म्हणून हात झटकता आले असते, आणि त्यात काही प्रमाणात तथ्यही होते. 'फार विरळ प्रसंग आहे' म्हणून गप्पही बसता आले असते. तसे झाले नाही. विषयाची उघड चर्चा झाली, आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी, त्या वेळी देखभालीत असलेल्या सर्व पाचही आवृत्त्यांसाठी दुरुस्ती निघाली. दुरुस्तीचे स्वरूप विचार करायला लावणारे आहे. उत्तर एकदा जरी 'नाही' असे आले, तरी आता डेटाबेस पुन्हा विचारत नाही. तो तेथेच काम थांबवतो. प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत लिहिलेला असतो. ती रोजकीर्द पुन्हा वाचून तो नोंदी नव्याने उभ्या करतो. संशयाच्या पायावर पुढे चालण्यापेक्षा थांबलेले बरे, हा तो निर्णय. काम थांबले की ग्राहक रागावतो, आणि कारभाऱ्याची अब्रू जाते असे आपण मानतो. पण ज्याच्या हाती दुसऱ्याची ठेव आहे, त्याला 'मला खात्री नाही, म्हणून मी थांबतो' असे म्हणता आले पाहिजे.

दुसरे उदाहरण २०२२ सालचे. पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते, तशा सूची डेटाबेसातही असतात. त्यांच्यामुळे नोंद चटकन सापडते. डेटाबेसाचे काम चालू ठेवूनच सूची तयार करता यावी, अशी सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. १४ व्या आवृत्तीत या कामाशी संबंधित एक सुधारणा करण्यात आली. पुढे आढळले की, त्या सुधारणेमुळे सूचीत काही नोंदी गाळल्या जाऊ शकतात. नोंद वहीत आहे, पण सूचीत नाही. म्हणजे शोधणाऱ्याच्या लेखी ती नाहीच. तेव्हा नियोजित महिन्याची वाट न पाहता १६ जून २०२२ रोजी १४.४ ही आवृत्ती काढण्यात आली. ती सुधारणा सरळ मागे घेण्यात आली, आणि आपली सूची बिघडली आहे का हे कसे तपासावे व बिघडली असल्यास ती पुन्हा कशी बांधावी, हेही वापरकर्त्यांना सांगण्यात आले.

सुधारणा मागे घेणे ही फार अवघड गोष्ट आहे. ज्यांनी ती केली त्यांचे श्रम त्यात असतात, ज्यांनी तपासली त्यांची प्रतिष्ठा असते. कुटुंबात, संस्थेत, सार्वजनिक कार्यात आपण पाहतो की, एकदा जाहीर केलेला निर्णय चुकीचा ठरला तरी तो रेटून नेला जातो, कारण मागे येणे म्हणजे हार, अशी आपली समजूत असते. त्यासाठी कधी कधी दुसऱ्याच्या नुकसानीकडेही डोळेझाक होते.

येथे कोणी म्हणेल, 'हे सारे ठीक. पण मुळात दोष राहूच नयेत, असा प्रयत्न का करीत नाहीत?' प्रयत्न अवश्य होतो. एकाने लिहिलेला बदल दुसरे वाचतात, प्रश्न विचारतात, पुष्कळदा परत पाठवतात. स्वयंसेवकांनी आपापले नाना तऱ्हांचे संगणक या कामासाठी दिलेले आहेत. त्यांच्यावर प्रत्येक बदलाची पुनःपुन्हा चाचणी होते. परंतु सर्व दोष लिहिणाऱ्याच्या हातून होतात, असे नाही. काही दोष काळ निर्माण करतो. २०२२ साली मेक्सिकोने देशाच्या बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत बंद केली. त्या क्षणी जगातील ज्या ज्या संगणकात मेक्सिकोच्या वेळेचे जुने नियम होते, तो तो संगणक चुकीचा झाला. त्यातील एक अक्षरही बदलले नव्हते, तरी. पोस्टग्रेसच्या त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या दुरुस्त्यांत नवे नियम घालावे लागले. काल बरोबर असलेले आज चूक ठरते, कारण भोवतालचे जग थांबलेले नसते. म्हणून निर्दोषपणा एकदा मिळवून पेटीत ठेवता येत नाही.

तेराव्या शतकातील तत्त्वचिंतक संत थॉमस अक्विनास यांनी विवेक या सद्गुणाची अंगे सांगताना त्यांत स्मृतीचा आणि शिकून घेण्याच्या तयारीचा समावेश केला आहे. आमच्या विषयाला ही दोन्ही अंगे नेमकी लागू पडतात. पोस्टग्रेसमध्ये दोष दुरुस्त झाला की बहुधा त्यासोबत एक नवी चाचणीही जोडली जाते. तोच दोष पुन्हा शिरू लागला तर ती चाचणी ओरडून सांगते. ही झाली स्मृती. आणि दूरच्या अनोळखी वापरकर्त्याने 'येथे काही तरी चुकते आहे' असे कळवले की, अनुभवी माणसे त्याचे म्हणणे तपासून पाहतात. ही झाली शिकून घेण्याची तयारी. चूक विसरणारा आणि चूक ऐकून न घेणारा मनुष्य कितीही बुद्धिमान असला, तरी त्याच्या हाती आपण आपली ठेव देणार नाही.

तथापि आमच्या या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुरुस्ती करणाऱ्यावर विश्वास ठेवावा म्हणता, पण दुरुस्ती करणाराच कपटी निघाला तर? हे घडलेले आहे. 'एक्सझेड' नावाची एक लहानशी मुक्त आज्ञावली आहे. माहिती दाबून लहान करणे हे तिचे काम. असंख्य संगणकांत ती असते, आणि तिची देखभाल वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच मनुष्य, स्वतःच्या फावल्या वेळात, करीत होता. तो थकला होता. तेव्हा एका व्यक्तीने टोपणनावाने पुढे येऊन मदत देऊ केली. दोन वर्षांहून अधिक काळ तिने उपयुक्त दुरुस्त्या केल्या, विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी त्या आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसवला.

तो उघडकीस आणला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेसचे एक विकासक. पोस्टग्रेसच्या गतीची मोजमापे घेताना त्यांना आपल्या संगणकात दूरवरून प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे दिसले. अर्धा सेकंद! आपण तिकडे लक्षही दिले नसते. त्यांनी माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी तो चोरदरवाजा जगापुढे मांडला. बहुसंख्य संगणकांपर्यंत तो अद्याप पोहोचला नव्हता.

या घटनेने आमचे म्हणणे खोटे ठरत नाही. ते अधिक नेमके मात्र करावे लागते. चोरदरवाजाचा मुख्य मजकूर चाचणीच्या फायलींच्या रूपात लपवलेला होता, आणि त्याला जागे करणारा तुकडा सर्वांसमोरच्या संहितेत नव्हताच. तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातलेला होता. म्हणजे कपटाला आडोसा घ्यावा लागला. तेव्हा नुसती दुरुस्ती विश्वासाला पुरेशी नाही. दुरुस्ती उजेडात झालेली असावी आणि ती पाहणारे डोळे जागे असावेत. दुसराही एक धडा त्यात आहे, आणि तो आपणा सर्वांना बोचावा असा आहे. ज्या एका थकलेल्या माणसाच्या श्रमावर एवढ्या जगाने भार टाकला होता, त्याला हात देण्यासाठी जो पुढे आला, तो चोर निघाला. कारण प्रामाणिक माणसे फारशी पुढे आलीच नव्हती.

यातून आपल्या, म्हणजे केवळ वापर करणाऱ्यांच्या, कर्तव्याचा विचार सुरू होतो. पोस्टग्रेसची दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणून कोणत्याही संगणकातील दोष आपोआप जात नाही. तो चालवणाऱ्याने ती दुरुस्ती उतरवून घ्यावी लागते, बसवावी लागते. सुरक्षेचा दोष असेल तर तो दुरुस्ती तयार होईपर्यंत मुद्दाम गुप्त ठेवला जातो, आणि दुरुस्तीबरोबरच जाहीर होतो. त्या दिवसापासून प्रामाणिक माणसाला तो कळतो, तसाच चोरालाही कळतो. त्यानंतरचा आळस हा निरुपद्रवी आळस राहत नाही. ज्याच्या संगणकात चारचौघांच्या नोंदी आहेत, मग तो पतपेढीचा व्यवस्थापक असो, दवाखान्याचा चालक असो वा शाळेचा लेखनिक, त्याने दुरुस्ती लांबणीवर टाकली तर तो स्वतःची नव्हे, दुसऱ्याची ठेव उघड्यावर टाकतो. दुरुस्त करणाऱ्याने आपले अर्धे काम केले. उरलेले अर्धे घेणाऱ्याचे आहे.

आणि आपल्यापैकी जे तरुण या क्षेत्रात शिकत आहेत, नोकरी करीत आहेत, त्यांना आम्ही एवढेच सांगू. नवे काही निर्माण करण्याचा आनंद मोठा आहे आणि त्यालाच बहुधा टाळ्या मिळतात. परंतु जुने जपणाऱ्यांचीही जगाला तेवढीच गरज आहे. एखादा दोष दिसला तर तो नीट लिहून कळवणे, दुसऱ्याचा बदल काळजीपूर्वक वाचणे, एखाद्या चाचणीची भर घालणे, ही कामे लहान दिसतात. पण अशाच लहान कामांवर अनोळखी लोकांच्या आयुष्यभराच्या नोंदी सुरक्षित राहतात.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ: विश्वास ठेवावा तो निर्दोष म्हणवणाऱ्यावर नव्हे. ज्याच्या चुकांची यादी कोणालाही वाचता येते, जो चूक दाखवणाऱ्याचे नाव आदराने लिहितो, खात्री नसताना जो थांबतो आणि नुकसान होते असे दिसल्यास स्वतःचे काम मागे घेतो, तो विश्वासास पात्र. ही कसोटी संगणकापुरती ठेवण्याचे कारण नाही. आपण ज्या संस्था चालवतो, ज्या पतपेढ्यांचे आपण संचालक आहोत, ज्या घरांचे आपण कर्ते आहोत, तेथेही ती लावून पाहावी. आपल्याकडे चुकांची यादी ठेवलेली आहे का? आणि चूक दाखवणाऱ्याचे आपण काय करतो?